गंजाची पकड



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत नाना विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. मला बोलावताना चिटणीसांनी एवढेच सांगितले, की "जन्मभर ज्या कामात हात काळे केलेत, त्याविषयीच बोला." म्हणून आज मी आपणांपुढे एका नटाविषयी बोलणार आहे. रंगभूमीवरच्या नटाविषयी ऐकायला कोणी आले असतील तर त्यांची निराशा होईल. माझा नट लोखंडाचा आहे, षट्कोनी आहे, गंजलेला आहे आणि काही केल्या जागचा हलत नाही. या शेवटच्या गुणात तो रंगभूमीवरच्या काही ज्येष्ठ नटांशी नाते सांगतो, हे मात्र खरे.

विषय तसा लहान आहे. जुन्या मोटारीच्या इंजिनातला एखादा भाग गंजून जाम होतो. तो न मोडता बाहेर कसा काढावा? ज्याच्या दारात जुनी मोटार नाही त्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. पण गंज केवळ मोटारीतच बसतो असे नाही. विहिरीवरचा पंप, गच्चीवरच्या टाकीची तोटी, आजीचे शिवणयंत्र, देवळाच्या दरवाजाचा कडी-कोयंडा, सर्वत्र हाच पाहुणा येऊन बसलेला असतो. आणि सर्वत्र लोक त्याच्यावर पहिला उपाय करतात तो जोर लावण्याचा. गंजलेल्या वस्तू जितक्या गंजाने गेल्या नसतील, तितक्या या जोराने गेल्या आहेत.

बोलणे हवेत राहू नये म्हणून मी एकच गाडी उदाहरणाला घेतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी बांधायला घेतली. तिचेच रूप १९६४ साली 'डिलाइट' झाले आणि १९७४ साली 'प्रीमिअर पद्मिनी'. मुंबईची काळी-पिवळी म्हणून आपण सर्वजण तिला ओळखतो. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खाजगी गाड्या मात्र अजून कोणाकोणाच्या पडवीत, गोठ्यात, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यांतलीच ही एक डिलाइट. कोकणात, खाडीच्या वाऱ्यावर असलेल्या एका गावात सोळा पावसाळे उभी राहिलेली. वडिलांनी घेतलेली गाडी त्यांच्या मुलीला पुन्हा चालती करायची होती. इंजिन जाम, आणि हेड उघडत नाही, अशी तक्रार.

आता यात पणाला काय लागले होते ते सांगतो. २०२१ साली केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे मूळ इंजिन राहिले पाहिजे. या बाईंना एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला होता, की ब्लॉक भंगारात घाला, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे इंजिन बसवून देतो, आठ दिवसांत गाडी रस्त्यावर. आणि हा सल्ला देण्यापूर्वी तिथल्या कारागिराने पान्याला लांब पाइप लावून हेडचा एक स्टड तोडूनही ठेवला होता. असाच एखादा स्टड ब्लॉकमध्ये चुकीच्या ठिकाणी तुटला, किंवा छिद्र वाकडे पाडून ब्लॉकची भिंत फुटली, की वडिलांची गाडी राहत नाही. तिच्या आकाराचे दुसरेच काहीतरी उरते. नवा ब्लॉक बाजारात मिळत नाही. तेव्हा प्रश्न काही मिलिमीटर लोखंडाचा होता आणि सगळ्या गाडीचाही होता.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज होतो, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु गंज पकडतो का, हे सहसा कोणी सांगत नाही. गंज म्हणजे काही डिंक नव्हे. त्याची पकड त्याच्या फुगण्यात आहे. जेवढ्या लोखंडाचा गंज होतो, त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. पाणी धरून बसलेला गंज तर त्याहूनही फुगीर असतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट असते काही शतांश मिलिमीटरची. त्या फटीत हा फुगीर पाहुणा जन्माला येतो आणि त्याला अंग पसरायला जागा नसते. पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत कसे गच्च बसते ते आठवा. दार उन्हाळ्यात आपोआप आकसते. गंज आकसत नाही, एवढाच फरक.

दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा राहून गंजत का नाही, असा प्रश्न व्याख्यानानंतर नेहमी येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. तोही गंजला आहे. पण त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने त्याच्यावर बसलेला थर पातळ आणि घट्ट आहे, आणि तो आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. आपल्या बोल्टावरचा गंज पापुद्र्यापापुद्र्यांचा, सच्छिद्र, पाणी शोषून घेणारा. तो रक्षण करत नाही, बोलावणे धाडतो.

या गाडीत तर आणखी एक भानगड होती. ब्लॉक बिडाचा, स्टड पोलादाचे आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकून बसले आणि त्यांत खारट ओल शिरली, की तो एक लहानसा विजेचा घटच होतो. त्यात खपते ते अॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते आणि तीही फुगते. हेडच्या छिद्रांतून वर आलेल्या प्रत्येक स्टडभोवती अशी पांढरी भुकटी ठासून भरली होती. वरचे नट त्या मानाने बरे होते. दोन दिवस तेल देऊन, नेमका बसणारा रिंग पाना लावून ते सुटले. हेड मात्र ब्लॉकवर असे बसून होते, की जणू एकाच ओतकामातून दोन्ही निघाले असावेत.

नेमका बसणारा पाना, असे मी म्हटले ते सहज नव्हे. आपल्या देशात जुन्या मोटारी तीन-चार घराण्यांतून आल्या. फियाट मिलिमीटरमध्ये मोजणारी. अँबॅसडर आणि जीप इंचात मोजणाऱ्या. त्याहून जुन्या इंग्लिश गाड्यांना व्हिटवर्थची मापे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटावर तेराचा पाना चढतो, आणि कारागिराला वाटते काम झाले. पण ती तीनदशांश मिलिमीटरची सैल जागा गंजलेल्या नटाचे सहा कोपरे सोलून काढायला पुरेशी असते. कोपरे गेले, की मग छिन्नी आणि हातोडा, आणि त्यानंतर जे होते त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आता जोराकडे वळू. नट आवळताना आपण जो पीळ देतो, त्यातला साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि प्रत्यक्ष बोल्ट ताणायला दहाएक टक्केच उरतात. हे चांगल्या, तेल दिलेल्या, स्वच्छ आट्यांचे गणित. गंज चढला, की घर्षणाचा वाटा किती वाढेल त्याला सुमार नाही. उलट बाजूने बोल्टाची ताकद घटत असते. गोल सळईची पिळाला टिकण्याची ताकद तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. दहा मिलिमीटरचा स्टड गंजून मध्येच आठचा झाला, तर डोळ्याला तो पाचवा हिस्सा बारीक दिसतो. ताकद मात्र जवळजवळ निम्मी गेलेली असते. घर्षण दुप्पट आणि ताकद निम्मी, अशा अवस्थेत कारागीर पान्याला तीन फुटी पाइप लावतो. आर्किमिडीजला पृथ्वी हलवायला निदान एक टेकू तरी हवा होता. आमच्या मित्राला पाण्याच्या नळाचा एक तुकडा पुरतो, आणि हलते ते काय, तर बोल्टाचे डोके.

मग कळावे कसे, की सुटतो आहे की तुटतो आहे? माझ्या मते या सगळ्या विद्येचे मर्म इथे आहे, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही. स्टड गंजाला सोडू लागला, की पान्याला एक कोरडा, ठसठशीत झटका बसतो. कधी 'कर्र' असा आवाजही होतो. तो आवाज कानाला कर्कश असला तरी शुभ आहे. याउलट पाना मऊ लागला, रबर ओढल्यासारखा लवचीकपणे थोडा फिरला आणि हात सैल करताच मागे आला, तर समजावे की आटे जागच्या जागी आहेत आणि वरचा दांडा पिळतो आहे. आणि तो मऊपणा कायम राहिला, हात सोडूनही पाना परत फिरला नाही, तर पोलाद वळले. पुढच्या बोटभर पिळात तो तुटणार. म्हणून मी शिकाऊ मुलांना सांगत असे, की पान्याचा दांडा आखूड घ्या. लांब दांडा जोर वाढवतो आणि बोटांना मिळणारी खबर बुजवतो.

आणि पहिली हालचाल सोडण्याच्या दिशेने करू नये. हे ऐकून लोक हसतात. आधी किंचित आवळावे, केसभर. गंजाचा कण अन् कण इतकी वर्षे एकाच बाजूने रेटा सोसायला बसलेला असतो. उलट दिशेने धक्का बसला की त्याची बैठक मोडते. मग सोडण्याच्या दिशेला अष्टमांश फेरा, परत आत, पुन्हा थोडे अधिक बाहेर. प्रत्येक वेळी चुरा होतो आणि मागे फिरवताना तो चुरा पसरतो, तेलात कालवला जातो. सरळ बाहेर ओढत नेले, तर तोच चुरा पुढे साठतो आणि अर्ध्या वाटेवर पाचर मारल्यासारखा अडवतो. अर्ध्यावर अडकलेला स्टड न हललेल्या स्टडाहून वाईट, कारण तोवर कारागिराला विजयाची घाई झालेली असते.

तेलाविषयी बाजारात फार श्रद्धा आहे. निळ्या-पिवळ्या डब्यातले डब्ल्यूडी-४० आज किराणा दुकानातही मिळते. त्याचा जन्म १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे झाला तो पाणी हटवून धातू गंजू नये म्हणून. चाळिसाव्या प्रयोगाला ते साधले, त्याचाच आकडा नावात राहिला. त्याचा पहिला मोठा उपयोग अॅटलस क्षेपणास्त्राचे पत्रे जपण्यासाठी झाला. म्हणजे तो गंज येऊ न देणारा पहारेकरी. आत घुसून बसलेल्या गंजाला हुसकावणे हे त्याचे मूळ काम नव्हे. आपले जुने मिस्त्री रॉकेल आणि डिझेल मिसळून वापरत, आणि ते फारसे मागे नव्हते. मुद्दा असा की तेल पातळ हवे, म्हणजे दिव्याच्या वातीत जसे तेल चढते तसे ते केशाकर्षणाने फटीत उतरते. गिअरचे दाट तेल ओतून काही होत नाही. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे पातळ तेल यांचे मिश्रण उत्तम उतरते. पण अॅसिटोन पेट्रोलासारखे पेट घेते, हे विसरून चालणार नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे वेळ. या गाडीत आम्ही प्रत्येक स्टडभोवती शाडूच्या मातीचे लहानसे आळे केले, माडाला करतात तसे, आणि त्यात तेल उभे ठेवले. सकाळी-संध्याकाळी आळे भरायचे आणि पितळी ठोकणीने स्टडाच्या माथ्यावर हलके ठोके द्यायचे. जोराचे नव्हे, दारावर सभ्य माणूस टकटक करतो तसे. ठोक्याने धातू थरथरतो, गंजाला सूक्ष्म भेगा जातात आणि त्यांतून तेल उतरते. तिसऱ्या दिवशी एका स्टडाचा आवाज बदलला. आधी तो ब्लॉकसकट एकजीव, भरीव बोलत होता. आता ठोक्यात किंचित वेगळा सूर आला. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा विशीतला, त्याने तो सूर माझ्या आधी ओळखला. त्या स्टडावर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळले, म्हणजे बिनडोक्याच्या स्टडाला धरायला डोके मिळते, आणि खालच्या नटाला पाना लावला. तो सुटला. दोन दिवसांत बाकीचेही बरेच सुटले. चार मात्र हटले नाहीत.

तेव्हा उष्णता. उष्णतेचे हे शास्त्र आपल्या लोहाराला फार पूर्वीपासून अवगत आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. धाव चाकापेक्षा जरा लहानच केलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात, ती फैलावते, दोघे-तिघे सांडशीने धरून चाकावर घालतात आणि वरून पाणी मारतात. आकसून ती अशी बसते, की पुढे वर्षानुवर्षे दगडधोंड्यांतून सुटत नाही. आपल्याला हेच उलट करायचे असते. पोलाद एक अंश तापले की आपल्या लांबीच्या दशलक्षांश बारा भागांनी वाढते. दहा मिलिमीटर भोकाचा नट पाचशे अंशांनी तापवला, तर भोक सहा शतांश मिलिमीटरने मोठे होते, म्हणजे साधारण एका केसाएवढे. केसाने गळा कापतात तसा केसाने नटही सुटतो. मात्र तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. आणि झटपट, म्हणजे उष्णता बोल्टात उतरायच्या आत. बोल्टच तापवायची वेळ आली तर तो तापताना भोवतालच्या धातूत दाबला जातो, निवताना आकसतो आणि गंजापासून सुटतो. म्हणून तो निवल्यावर फिरवावा. निवता निवता मेणबत्ती त्याच्या मुळाशी टेकवली, तर वितळलेले मेण आत ओढले जाते. मेणाची ही युक्ती तेलाहून सरस ठरलेली मी अनेकदा पाहिली आहे.

परंतु या गाडीचे हेड अॅल्युमिनियमचे होते, आणि अॅल्युमिनियमजवळ ज्योत नेताना देवाचे नाव घ्यावे. लोखंड तापले की लाल होऊन आपल्याला सावध करते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्याची मिश्रणे तर त्याहून आधी, आणि उजेडात बघणाऱ्याला तोवर त्याचा रंग बदललेला दिसत नाही. आता आहे म्हणता म्हणता चिखल होतो. बीडही लाडावलेले असते. त्याला एकाच ठिकाणी झपाट्याने तापवले तर ते तडकते, आणि तडकलेला ब्लॉक म्हणजे संपले. सुदैवाने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फैलावते. म्हणून ज्योत न वापरता, जुना रंग काढण्यासाठी रंगारी वापरतात त्या गरम हवेच्या यंत्राने आम्ही हेड सावकाश तापवले, निवू दिले, निवताना तेल दिले, पुन्हा तापवले. असे दोन दिवस. चारांतले तीन स्टड सुटले.

राहिला तो आधीच तुटलेला. तो हेडच्या पातळीवर अर्धा इंच उभा होता, म्हणून निभावले. अशा थुटक्यावर एक वॉशर ठेवून, वर नट ठेवून, नटाच्या भोकातून थुटक्याला वेल्डिंग करतात. धरायला डोके मिळते आणि वेल्डिंगची उष्णता थेट दांड्यातून खाली उतरते, असा दुहेरी लाभ. अर्थात त्याआधी बॅटरीची तार काढलेली, पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलेली, आणि जवळ वाळूची बादली. दुसऱ्या वेल्डिंगला तो 'कर्र' असा आवाज आला. मंडळी, मी गाण्याच्या अनेक मैफली ऐकल्या आहेत. त्या आवाजाची सर त्यांतल्या थोड्यांनाच येईल.

थुटका पृष्ठभागाच्या खाली तुटला असता तर? मग बरोबर मध्यावर पंच मारून, डाव्या पिळाच्या ड्रिलने छिद्र पाडत जावे. पुष्कळदा ते ड्रिलच त्याला फिरवून बाहेर आणते. बाजारात 'ईझी-आउट' नावाचा उलट्या पिळाचा निमुळता खिळा मिळतो. नावावर जाऊ नका. तो अतिशय कठीण पोलादाचा, म्हणून ठिसूळ. जो स्टड दहा मिलिमीटर जाडीने सुटला नाही, तो चार मिलिमीटरच्या खिळ्याने सुटेल अशी आशा करणे भाबडेपणाचे आहे. तो आत तुटला, तर त्याला कोणतेही साधे ड्रिल लागत नाही, आणि कालपर्यंत अवघड असलेले काम अशक्य होते.

हेड उचलताना ब्लॉक आणि हेडच्या फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचे नाही. अॅल्युमिनियमला खाच पडते आणि तिथून पुढे जन्मभर पाणी गळते. लाकडी पाचरी चारी बाजूंनी थोड्या थोड्या. आणि जुने गॅस्केट कोरडे खरवडायचे नाही, कारण त्या काळच्या गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असे. ओले करून काढावे, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये. तसेच क्लोरीन असलेल्या द्रवाने पुसलेल्या भागाला वेल्डिंग करू नये. त्यातून फॉस्जिन वायू निघू शकतो, जो पहिल्या महायुद्धात माणसे मारायला वापरला गेला होता. डोळ्यांवर चष्मा घालण्याविषयी तर काय सांगावे! आमच्या गॅरेजांतून मोठमोठे उस्ताद एका डोळ्याने अधू असतात, आणि तीन पावसाळे जुन्या गंजाचा एक कण त्याला पुरेसा झालेला असतो. शिकाऊ पोराला पाना देण्याआधी चष्मा द्यावा. तो शे-दोनशे रुपयांना मिळतो.

हेड निघाल्यावर दिसले, की चार सिलिंडरांपैकी दोन स्वच्छ आणि दोन गंजलेले. यात दैवाचा भाग नाही. चार सिलिंडरांचे इंजिन कुठेही थांबले तरी कोणत्या ना कोणत्या सिलिंडरची झडप उघडी राहतेच. त्या उघड्या झडपेतून सोळा वर्षे खाडीची हवा आत जात होती. पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजाने चिकटल्या होत्या. काही लोक अशा वेळी टॉप गिअर टाकून गाडी पुढे-मागे डोलवतात. टॉप गिअर अशासाठी, की चाकाचा जोर त्यात क्रँकला सर्वांत अधिक पोहोचतो. तेल मुरल्यावर हळुवारपणे केले तर ते चांगले. पण दुसरी गाडी लावून ओढत नेणारेही आहेत. त्यांच्या कनेक्टिंग रॉडांचे काय होते ते मी पाहिले आहे. आम्ही पिस्टनच्या वरचा गंजाचा कंगोरा बारीक पॉलिश-कागदाने आधी उतरवला, वर तेल ठेवले, आणि सिलिंडरच्या मापाचा बाभळीचा ठोकळा करून त्यावर लाकडी हातोड्याने मारले. पाचव्या दिवशी पिस्टन सुतभर खाली गेला.

सुटे झालेले लोखंडी भाग धुण्याला आपल्याकडे एक स्वस्त औषध आहे, ते म्हणजे साखर कारखान्याची मळी. एक भाग मळी आणि दहा भाग पाणी, त्यात भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवावेत. ती गंज ओढून घेते आणि चांगल्या लोखंडाला फारसे दुखवत नाही. वास मात्र शेजाऱ्यांना मान्य असावा लागतो. अॅल्युमिनियम त्यात घालू नये. ते खाल्ले जाते.

इंजिन पुन्हा बांधताना प्रत्येक जुना आटा तारेच्या ब्रशने साफ केला आणि ब्लॉकमधल्या आट्यांतून टॅप फिरवला. एका भोकाचे आटे गेलेले निघाले. तिथे आटे पाडलेली तारेची गुंडाळी बसवावी लागली. मॅनिफोल्डच्या स्टडांना तांब्याच्या भुकटीचे ग्रीस लावले, कारण तिथे साधे ग्रीस जळून जाते. प्लगांना मात्र अगदी नाममात्र. ग्रीस लावले की घर्षण घटते, म्हणून कारखान्याने कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या मापाइतका पीळ तिथे देऊ नये. थोडा कमी द्यावा, नाहीतर आटे ताणले जातात. बाईंनी हे सगळे एका वहीत लिहून घेतले, प्रत्येक स्टडाचा क्रमांक घालून, कोणता जुना, कोणता नवा, कोणत्या भोकात गुंडाळी आहे. ती वही आता गाडीच्या कप्प्यात, आरसीबुकाशेजारी असते.